रंगारीभाऊंचं मत

९ फेब्रुवारी

आणि वर म्हणे, घर मी राखलं. राखलं म्हणजे काय केलंस रे दादा? दाराला कडी लावून आत बसलास. ते काय पळून जाणार होतं? पळावं लागलं ते मला. मी म्हणत होतो विकून टाकू, अर्धं तुझं अर्धं माझं, मी टेम्पो घेतो, तू तुला हवं ते कर. तर नाही. बाबांनी बांधलंय, विकायचं नाही. विषय संपला, कारण तो थोरला. आणि मी पिशवी उचलून निघालो तेव्हा उंबऱ्यात उभा राहून काय म्हणाला, तर "चार दिवसांत परत येशील." दीड वर्ष झालं त्याला. तेव्हापासून त्याचा फोन वाजतो आणि मी बघत बसतो. एकदाही उचललेला नाही.

आज आईशी बोलणं झालं. म्हणते, दादाने गच्चीवर दोन खोल्या काढल्या. "काय सुरेख उजेड येतो रे वर!" मी म्हटलं, "उजेड काय दादाने बांधलाय?" मग मलाच राहवेना. सांगितलं की मी पण काही नुसत्या भिंती घासत नाही इथे. घरमालकांच्या ग्रुपात आहे. 'भिंत आणि भाडं' असं नाव आहे त्याचं. चार चार घरं असलेली माणसं मला विचारल्याशिवाय प्लास्टरला हात लावत नाहीत. आईने ग्रुपचं नाव परत विचारलं. मग पुन्हा एकदा, सावकाश सांग म्हणाली. कौतुक वाटलं असणार बिचारीला. त्या घरात माझं कौतुक करायला दुसरं आहे कोण?

१० फेब्रुवारी

आईला सांगितलं त्यात खोटं काही नाही. मी ज्या मालकिणीकडे काम करतो ती चष्मेवाली बाई, तिची या गावात सहा घरं भाड्याने आहेत. भाडेकरू गेला की आम्ही जातो. प्लंबर नळ बघतो, मी भिंती बघतो. पुट्टी, घासकाम, रंगाचे दोन हात, की नवा माणूस आत. कामासाठी बाईने एक फोन दिलाय, नंबर तिच्याच नावाचा. त्यावरच तिने मला ग्रुपात घातलं, कारण ओल, पोपडे असलं काही निघालं की तिला उत्तर येत नाही.

ग्रुप खुला आहे, नाव शोधून कोणीही आत येतं. नियम असा की स्वतःचं नाव नाही लिहायचं, धंदा लिहायचा. म्हणून मी तिथे 'रंगारी'. एक मास्तर आहेत, निवृत्त. तीन फ्लॅट घेतले आणि आता सगळ्यांना सांगतात की घर बघायला गेलं की आधी मोरी बघा, दिवाणखाना सगळेच सजवतात. हे पटतं मला. एक गाळेवाला आहे, दुकानाचे गाळे घेतो नि देतो. तो नाकाने कांदे सोलतो. कोणी काही म्हणालं की ह्याचं ठरलेलं, "पहिल्यांदा इंजिनिअर दाखवा." अरे, इंजिनिअर दाखवायला पैसे असते तर इथे फुकट विचारायला आले असते का लोक?

मला 'रंगारीभाऊ' म्हणतात सगळे. मास्तरसुद्धा. सातवीत मास्तरांनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. हे दुसरे मास्तर, पण तरी बरं वाटतं.

१५ फेब्रुवारी

बाईच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात बाथरूमच्या दाराच्या कोपऱ्यातून एक तडा निघालाय, तिरका, छताकडे जाणारा. मी पुट्टी भरली, घासला, रंग दिला. आज बघतो तर पुन्हा उघडला. दारही घासतंय. प्लंबर म्हणाला, "तुझी पुट्टी शिळी आहे." मी म्हटलं, "तुझे नळ ताजे आहेत ना, मग झालं."

जेवायच्या सुट्टीत बाईने मला एक कागद दाखवला. गावाच्या टोकाला नवी इमारत होतेय. एक खोली आणि मोरी, चौथा मजला. ती दोन घेतेय. म्हणाली, "तूही एक घे. स्वतः राहू नकोस, भाड्याने दे. भाड्यात हप्ता निघतो, वीस वर्षांनी घर तुझं." बुकिंगला चाळीस हजार, पुढच्या महिन्याच्या वीस तारखेच्या आत. माझ्याकडे पस्तीस आहेत.

झोप उडाली माझी. म्हणजे उडणारच. मी घरमालक! पहिला फोटो ग्रुपात टाकणार. आणि दुसरा आईच्या फोनवर, म्हणजे ती दादाला दाखवेल. तो नुसता चष्मा काढून पुसेल. मला ते बघायचंय.

२३ फेब्रुवारी

तळपायाची आग मस्तकात गेली आज.

ग्रुपात नवा माणूस आला. धंदा लिहिलाय 'घरमालक'. बघा ना ऐट! सगळेच घरमालक आहेत तिथे, पण असं कोणी लिहीत नाही. आणि त्याने फोटो टाकला घराचा, मत मागायला. निळं दार. पायरीचा डावा कोपरा तुटका. ती पायरी मी तोडलीय, सायकल आपटून.

दादा!

नंबरही त्याचाच. मला पाठ आहे, इतक्या वेळा वाजलेला बघितलाय. शेकडो ग्रुप असतील जगात, ह्याला हाच बरा मिळाला. लहानपणापासून हेच. मी झाडावर चढलो की हा खाली येऊन उभा. मी पोहायला गेलो की हा काठावर. आता मी चार माणसांत नाव कमावलं तर इथेही हजर. जिथे जाईन तिथे माझ्यामागे.

बरं, माझा हा नंबर त्याला माहीत नाही. मी कोण आहे हे कळायचा प्रश्नच नाही.

त्याने लिहिलं, "वडिलांचं जुनं घर आहे. वर दोन खोल्या नव्या बांधल्या. खाली काय करावं, मार्गदर्शन हवं." झालं, सगळे तुटून पडले. मास्तर म्हणाले, वडिलांचं घर न विकता वाढवलंत, असा तरुण विरळा. बाईने टाळ्यांचं चित्र पाठवलं. मला कधी टाळ्या पाठवल्या का तिने? मी तिच्या सहा घरांच्या भिंती आरशासारख्या करून ठेवल्यात.

मी फोटो मोठा करून बघितला. बाहेरून रंग दिलाय त्याने. पिवळट. गचाळ काम, ब्रशचे पट्टे दिसतायत. मी लिहिलं, "रंग कोणी दिलाय? फसवलंय तुम्हाला."

त्याने उत्तर दिलं, "मीच दिला, रंगारीभाऊ. आमच्याकडे चांगला रंगारी होता, तो गेला."

कोण होता चांगला रंगारी? मी तिथे असताना तर कोणी नव्हता.

१ मार्च

कोणीतरी विचारलं की प्लास्टर पोकळ झालंय हे कसं ओळखायचं. मी नुसतं सांगितलं नाही, भिंतीवर बोट वाजवताना हाताचा फोटो काढून टाकला, इथे बद्द वाजतं, इथे टणक. लोकांना आवडलं. मास्तर म्हणाले हे पुस्तकात मिळत नाही.

आणि हा घरमालक काय विचारतो? "रंगारीभाऊ, अंगठ्याला काय झालंय?"

माझ्या उजव्या अंगठ्याचं नख वाकडं आहे. मी पाच वर्षांचा असताना त्यानेच निळं दार आपटलं त्यावर. मी लिहिलं, "जुनं आहे."

"दुखतं का अजून?"

"थंडीत."

"ज्याच्यामुळे झालं त्याला वाईट वाटत असेल."

मी लिहिलं, "कसलं वाईट! आरामात आहे तो."

मग गाळेवाला मध्ये घुसला, की हा गुंतवणुकीचा ग्रुप आहे, दवाखाना नाही. पहिल्यांदा तो बरोबर बोलला.

पण मला सांगा, भर ग्रुपात एका परक्या माणसाच्या अंगठ्याची इतकी चौकशी! माझ्या अंगठ्याची चौकशी कधी केली त्याने? माझ्यासमोर कधी म्हणाला वाईट वाटतं म्हणून?

६ मार्च

प्लंबरला सगळं सांगितलं. एका खोलीत राहतो आम्ही, नाही सांगितलं तरी तो डोकावून वाचतोच. तो हसून हसून लोळला.

"म्हणजे तू तुझ्याच भावाला सल्ले देतोयस? नाव लपवून?"

"मग काय झालं? मागतो तो."

"आणि तो तुला ओळखत नाही?"

"कसा ओळखेल?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "बरं," म्हणाला. मग पाना घेऊन बाहेर गेला. प्लंबर लोकांना पाण्याच्या पलीकडचं काही समजत नाही.

आता रोजचं झालंय. सकाळी फोन उघडला की दादाचं काहीतरी असतंच. रंगारीभाऊ, तुमच्याकडे हवा कशी आहे? रंगारीभाऊ, जेवणाचं काय करता, बाहेर खाता का? रंगारीभाऊ, शिडीवर चढताना खाली कोणी धरायला असतं ना? मास्तर एकदा म्हणालेसुद्धा की हे खासगीत बोला. दीड वर्षापूर्वी मला तो "पंखा बंद कर" आणि "उशीर का झाला" ह्यापलीकडे बोलत नव्हता. ह्या रंगाऱ्यात असं काय सोनं लागलंय? कधी कधी त्या रंगाऱ्याचा इतका राग येतो ना! मग आठवतं की तो मीच आहे. तरी येतोच.

आज त्याने मत मागितलं. "वरच्या दोनपैकी एकच खोली भाड्याने देणार आहे. दुसरी रिकामी ठेवावी म्हणतो. आपलं मत?"

सगळे एका सुरात ओरडले. बाई म्हणाली, रिकाम्या खोलीचं भाडं आपण आपल्याच खिशातून भरत असतो, हिशोब करून बघा. गाळेवाला म्हणाला, भावना आणि मालमत्ता एका कपाटात ठेवू नका. मास्तरांनी त्यांचा अनुभव सांगितला, मुलासाठी एक फ्लॅट सहा वर्षं बंद ठेवला, मुलगा आला नाही, वाळवी आली.

दादा म्हणाला, "मला रंगारीभाऊंचं मत हवंय."

मी लिहिलं, "द्या भाड्याने. रिकामी ठेवून कोणाची वाट बघणार?"

दादाने लिहिलं, "बघू. खिडकी रस्त्याकडे काढलीय. त्याला रस्ता बघायला आवडतो."

त्याला म्हणजे कोणाला? जेवायची सगळी सुट्टी मी विचार केला. वहिनीचा भाऊ! दुसरा कोण? तो मागे आला होता तेव्हा दिवसभर दारात उभा राहून येणारे-जाणारे मोजत होता. म्हणजे बाबांच्या घरावर खोली बांधायची ती मेहुण्यासाठी. खिडकी पण त्याच्या आवडीची. शाब्बास!

११ मार्च

आज दादाने खालच्या खोल्यांचा फोटो टाकला. पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत काढून एक मोठा गाळा करायचा, दुकानाला द्यायचा, असा बेत. स्वयंपाकघर मागे पडवीत नेणार. दुकानाचं भाडं खोलीच्या तिप्पट येतं. विचारत होता, ती भिंत काढता येईल का.

गाळेवाला फुगला. त्याचंच रान ना हे. "मी असे नऊ गाळे काढलेत. इंजिनिअर दाखवल्याशिवाय एक वीटही हलवायची नाही. वर बांधकाम आहे तुमच्या."

मला बघवलं नाही. ते घर माझं, ती भिंत माझी, आणि मत देणार हा? ह्याने ती भिंत कधी बघितली तरी आहे का? त्या भिंतीत कोनाडा आहे. आम्ही दोघे त्यात गोट्या ठेवायचो. आत हात घालून मागच्या बाजूला टेकवला की पलीकडे आई भांडी लावायची ते हाताला लागायचं, इतकी ती बारीक. चार बोटं असेल. दोन खोल्यांमधला पडदा नुसता.

म्हणून मी लिहिलं, "काढा बिनधास्त. भिंत बारीक आहे, नुसती आडोशाची. कोनाडा असेल बघा त्यात, तिथून सुरुवात करा, पटकन निघेल."

गाळेवाला म्हणाला, "फोटोत कपाट आहे त्या जागी. कोनाडा तुम्हाला कुठे दिसला?"

मी चपापलो जरा. मग लिहिलं, "अशा जुन्या घरात असतोच. अनुभव लागतो."

"अनुभव रंगाचा की बांधकामाचा?"

"भिंतीचा," मी लिहिलं. पाच-सहा जणांनी हसणारी चित्रं टाकली. माझ्या बाजूने.

दादाने शेवटी लिहिलं, "गाळेवाले साहेब, तुमचा मान राखून सांगतो, रंगारीभाऊंवर माझा विश्वास आहे. त्यांनी कोनाडा ओळखला. सोमवारी काम सुरू करतो."

जिंकलो! नऊ गाळेवाला एका बाजूला आणि मी एका बाजूला, आणि दादाने माझी बाजू धरली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझं ऐकलं. माझं म्हणजे, रंगाऱ्याचं.

१२ मार्च

सदतीस झाले. बाईकडून आगाऊ घ्यायचे नाहीत असं ठरवलंय. ओव्हरटाइम करतोय.

१७ मार्च

बाईच्या त्या घरात नवा भाडेकरू आला आणि तो तडा तिसऱ्यांदा उघडला. आता बोट जातं. मी बाईला म्हटलं, पुट्टीचा दोष नाही हा. तिने गवंडी बोलावला. गवंडी आला, तड्याकडे बघितलंच नाही. सरळ खालच्या मजल्यावर गेला, घंटी वाजवली. खालच्या भाडेकरूने हौसेने दोन खोल्यांची एक केली होती, मधली भिंत काढून, बाईला न विचारता. वरची भिंत त्याच भिंतीच्या डोक्यावर उभी होती. आता तिला खाली कोणी नाही.

"आधी दार घासायला लागतं," गवंडी म्हणाला. "लोकांना वाटतं लाकूड फुगलं. मग तडा. मग काही विचारू नका."

बाई पांढरीफटक पडली. वरचं घर आजच्या आज रिकामं केलं, खाली टेकू लावले.

माझ्या मनात आलं जरा. पण दादाची भिंत वेगळी. ती बारीक आहे. बारीक भिंतीवर कोण कशाला भार टाकेल? मी स्वतः हात घातलाय त्यात.

१८ मार्च

दुपारी जेवणाआधी शिडीवर होतो. खिशात फोन वाजला. दादाचं ग्रुपात, "कोनाड्याच्या वरचा भाग काढून झाला. रंगारीभाऊ, एक विचारायचं होतं. वरच्या खोलीचं दार आजपासून घासतंय. लाकूड फुगलं असेल का?"

शिडीवरून कसा उतरलो ते आठवत नाही. बादली सांडली. त्याने मागे टाकलेला वरच्या खोल्यांचा फोटो शोधला. दोन खोल्यांच्या मधोमध भिंत. खिडकी इकडे, जिना तिकडे. मी खालचं घर डोळ्यांसमोर आणलं आणि वरचं त्यावर ठेवलं. वरची मधली भिंत कशावर उभी आहे? त्याच भिंतीवर. आणि आई दुपारी तिथेच पडते, स्वयंपाकघरात, भिंतीला पाठ लावून. आयुष्यभर तिथेच पडते.

कामाच्या फोनवरून लिहायला घेतलं, हात पांढरे, बोटं घसरत होती. मग म्हटलं, मरू दे. माझा फोन काढला आणि दादाला लावला. दीड वर्षाने.

पहिल्याच घंटीला उचलला. "बोल."

"काम थांबव."

"थांबव रे," तो आत ओरडला. हातोडे थांबले, मला ऐकू आलं. "हां. थांबवलं."

"आई कुठे आहे?"

"आत पडलीय. धूळ उडतेय तरी जागा सोडत नाही."

"उठव तिला. आत्ता. तुम्ही सगळे बाहेर व्हा आणि वर कोणी जाऊ नका. ती भिंत भार घेतेय दादा, वरची अख्खी भिंत तिच्या डोक्यावर आहे. दार घासतंय ते लाकूड नाही."

तो धावला असणार. फोन तसाच चालू होता. आईचा आवाज आला, "अरे पण चप्पल तरी घालू दे." मग वहिनीचा. मग रस्त्याचा आवाज.

"बाहेर आलो," दादा म्हणाला. धाप लागली होती. "आता?"

"गवंड्याला सांग टेकू आणायला. लोखंडी, जॅकवाले, लाकडी नकोत. दोन्ही बाजूंनी लाव, छताला घट्ट. मग इंजिनिअर आण. खरा इंजिनिअर. तो म्हणेल तेवढा लोखंडी गर्डर वरच्या भिंतीखाली टाकायचा, मगच उरलेली भिंत काढायची."

"नऊ इंची निघाली रे," तो म्हणाला. "नुसती कोनाड्यामागेच बारीक होती. मलाही वाटायचं सगळीच बारीक आहे. पलीकडून आईची भांडी लागायची हाताला."

"मलाही तेच—" एवढं बोललो आणि जीभ चावली.

"तो रंगारी आहे ना ग्रुपात, तो म्हणाला चालतं."

"रंगाऱ्याला काय अक्कल असते? ब्रश फिरवणारा माणूस! त्याचं कशाला ऐकायचं?"

"असं नको बोलूस. मनाने चांगला आहे तो. तोंडाळ आहे जरा, एवढंच."

"तोंडाळ? आणि तू आईला भिंतीखाली—"

"हो," दादा म्हणाला. "चुकलंच माझं. घाई केली. त्याचा शब्द मोडवत नव्हता."

शिडीला धरून उभा होतो. प्लंबर दारात येऊन बघत होता, मग सांडलेला रंग पुसायला लागला.

मग दादा म्हणाला, "जेवलास का?"

"अजून नाही."

"बरं." आणि मग, "वरच्या खोलीचा रंग राहिलाय. रस्त्याकडच्या. मी देणार होतो, पण माझे पट्टे पडतात म्हणतात."

बघा म्हणजे! घर पडता पडता वाचलं आणि ह्याला फुकटात रंगवून घ्यायची पडलीय. मेहुण्याची खोली. मी म्हटलं, "बघू," आणि ठेवून दिला.

एक गोष्ट आत्ता लिहिताना लक्षात आली. भिंत पाडतोयस, दार घासतंय, हे मला कसं कळलं, हे त्याने विचारलंच नाही. पहिल्यापासून असाच बेफिकीर आहे तो. कशाचं काही वाटत नाही त्याला.

१९ मार्च

ग्रुपात दादाने लिहिलं, "माझ्या धाकट्या भावाचा वेळेवर फोन आला म्हणून घर वाचलं. आणि घरातली माणसं." मास्तर म्हणाले, असा भाऊ असायला भाग्य लागतं. बाईने टाळ्या पाठवल्या. गाळेवाल्याने रंगाऱ्याची सालटी काढली, बरोबरच होतं त्याचं, मी उलट बोललो नाही. लिहिलं, "माझं चुकलं. माहिती नसताना बोललो." दादाने खाली लिहिलं, "रंगारीभाऊ, ग्रुप सोडू नका."

भावाचं कौतुक झालं आणि रंगाऱ्याला शिव्या बसल्या. दोन्हीकडे मीच, तरी त्या भावाचा हेवा वाटला मला. सगळ्यांच्या तोंडी तोच. एक फोन काय केला, लगेच भाग्य!

संध्याकाळच्या चहाला वहिनीला फोन लावला. घराचं काय चाललंय ते दादा मला खरं सांगणार नाही. ती म्हणाली, टेकू लागलेत, आई शेजारी झोपते, ठीक आहे सगळं. मग आढेवेढे घेत बोलली. खोल्या बांधताना काढलेल्या कर्जाचे पैसे संपले, गर्डर आणि मजुरीला हातात काही नाही. भिंत अर्धी मोडून टेकूवर उभी. "तुम्हाला सांगू नको म्हणालेत हं भाऊजी."

मी विचारलं, "वहिनी, तुमचा भाऊ कधी येणार राहायला?"

"माझा भाऊ? तो कशाला येईल? त्याचं नवं घर झालंय की."

म्हणजे तिलाही सांगितलेलं नाही दादाने. काय एकेक लपवतो हा माणूस.

बाईकडे गेलो. म्हटलं, ती चौथ्या मजल्यावरची खोली दुसऱ्या कोणाला द्या. तिने चष्मा कपाळावर चढवला. "उद्याच शेवटचा दिवस आहे आणि आज माघार? पुढच्या वर्षी ह्या भावात मिळणार नाही, सांगून ठेवते."

"माहीत आहे."

"मग पैसे काय केलेस? उडवलेस?"

"दुसरीकडे गुंतवतोय."

"कुठे?"

"गर्डरमध्ये."

ती मला वेड्यात काढत होती. काढू दे. तिच्याच ग्रुपात शिकलो, जागा बघून पैसे टाकावेत, आणि ती जागा माझ्याइतकी कोणी बघितलेली नाही, आता तिची भिंत किती जाड आहे तेही मला माहीत आहे.

आईला सांगितलंय, दादाला नीट सांग. हे उसने नाहीत आणि मदत तर अजिबातच नाही. हा हिस्सा आहे. वर ज्याला ठेवायचं त्याला ठेवू दे, रस्ता बघत बसू दे त्याला खिडकीत, पण ती खोली ज्या लोखंडावर उभी राहणार ते माझं. आई म्हणाली, "बरं बरं, सांगते," आणि हसत होती, का ते कळलं नाही. जवळ अडतीस होते. त्यातले पाचशे ठेवून घेतले, दोन चांगले ब्रश घ्यायचेत, पट्टे न पडणारे. बाकी सगळे पाठवतोय. साडेसदतीस हजार.